टोपलीत टाकलेला डॉलर

दोन वर्षांपूर्वी ऑनसाइटच्या निमित्ताने आठ महिने बॉस्टनला होतो. टीममध्ये वसईचा एक मित्र होता, पक्का कॅथलिक. रविवारी सकाळी आम्ही सगळे लोळत पडलेले असताना हा इस्त्रीचा शर्ट घालून मिस्साला निघायचा. एका रविवारी मीही त्याच्याबरोबर गेलो. (खरं कारण सांगतो. नंतरचा ब्रेकफास्ट त्याच्याकडून होता.)

प्रार्थना चालू असताना लांब दांड्याची टोपली रांगेरांगेतून फिरली. मित्राने खिशातून पाकीट काढून त्यात टाकलं, मीही पाच डॉलरची नोट टाकली. थोड्या वेळाने दुसरी टोपली आली. या वेळी मात्र साहेब हाताची घडी घालून समोर बघत बसले. टोपली पुढे गेली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय रे, दुसऱ्या वेळी कंजूषपणा?"

तो म्हणाला, "पहिली टोपली या चर्चची. विजेचं बिल, हीटिंग, फादरांचा पगार. दुसरी वर आर्चबिशपच्या ऑफिसला जाणार होती. आमच्या घरमालकीणबाई आहेत ना, त्या २००२ पासून वरच्या टोपलीत काही टाकत नाहीत. त्यांनी मला सगळं सांगितल्यापासून माझाही हात होत नाही."

'स्पॉटलाइट' हा सिनेमा मी पाहिला होता, त्यामुळे २००२ म्हटल्यावर ट्यूब पेटली. पण सिनेमा जिथे संपतो तिथून पुढची गोष्ट, म्हणजे पैशाची गोष्ट, मला अजिबात माहीत नव्हती. नंतर बरेच वीकेंड ती वाचण्यात गेले. आजचा लेख त्यावर.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ जानेवारी २००२ रोजी 'बॉस्टन ग्लोब' या वर्तमानपत्राने जॉन गेगन नावाच्या धर्मगुरूबद्दल बातमी छापली. तीसेक वर्षांत १३० हून अधिक जणांनी त्याच्यावर लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचे आरोप केले होते. महाधर्मप्रांताला हे माहीत होतं. त्याला एका चर्चमधून काढायचं, उपचाराला पाठवायचं आणि दुसऱ्या चर्चमध्ये नेमायचं, असं चाललं होतं. बर्नार्ड लॉ १९८४ साली आर्चबिशप झाले आणि त्यांच्याही काळात त्याला नवीन नेमणूक मिळाली. महिनाअखेरीस ग्लोबने आणखी एक गोष्ट बाहेर काढली. आधीच्या दहा वर्षांत महाधर्मप्रांताने किमान ७० धर्मगुरूंची प्रकरणं गुपचूप पैसे देऊन मिटवली होती.

इथे मी थबकलो. गुपचूप पैसे देऊन. कुणाचे पैसे?

चर्चकडे विम्याचे पैसे होते, जमिनी होत्या, गुंतवणुकी होत्या. पण विम्याचे हप्ते कशातून भरले? जमिनी कशातून घेतल्या? मागे मागे जात राहिलात की शेवटी कुणातरी माणसाने देवाच्या नावाने दिलेल्या पैशापाशी येऊन थांबता. म्हणजे एखाद्या आजीने टोपलीत टाकलेला डॉलर फिरत फिरत, तिच्याच शेजारच्या मुलावर झालेला अत्याचार दाबण्याच्या कामी आला, असं होऊ शकत होतं. त्या आजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग तिची जबाबदारी किती?

तुम्ही म्हणाल शून्य. माझंही पहिलं उत्तर तेच होतं. पण प्रकरण इतकं सोपं नाही.

गंमत म्हणजे या प्रश्नाचा विचार करायची हत्यारं कॅथलिक परंपरेतच तयार पडलेली आहेत. दुसऱ्याच्या पापात आपला सहभाग कधी होतो, यावर त्यांच्या नीतिशास्त्रज्ञांनी शेकडो वर्षं डोकं लढवलंय. त्यांचं एक जुनं गाजलेलं उदाहरण असं. मालकाला एका मुलीवर बळजबरी करायला खिडकीतून आत शिरायचंय. नोकर त्याला खांदा देतो, शिडी आणून देतो. नोकराच्या मनात काही वाईट नाही, पण नाही म्हटलं तर नोकरी जाईल. तर तो दोषी का? काही पंडित म्हणायचे, मोठ्या नुकसानीची भीती असेल तर गंभीर दोष नाही. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी हे मत अधिकृतपणे धिक्कारलं. पुढे अठराव्या शतकात अल्फोन्सस लिग्वोरी यांनी याची नीट मांडणी केली. हेतूत सामील होणं वेगळं आणि नुसतं साधन पुरवणं वेगळं. साधन पुरवणाऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी बघायच्या. तुमचं साधन त्या कृत्याच्या किती जवळ होतं आणि ते पुरवण्यामागे तुमचं कारण किती वजनदार होतं.

या हिशेबाने आजी सुटते. तिने शिडी दिली ती चर्चचं छप्पर दुरुस्त करायला. शिडी कुठल्या खिडकीला लागली हे तिला दिसतच नव्हतं.

पण ६ जानेवारी २००२ नंतर दिसायला लागलं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारीही टोपली आलीच असणार ना?

वेल्झली हे बॉस्टनजवळचं एक सुखवस्तू उपनगर. तिथल्या सेंट जॉन चर्चच्या तळघरात दर सोमवारी रात्री काही माणसं जमायला लागली. सुरुवातीला पंचवीस-तीस जण. त्यांनी संघटनेचं नाव ठेवलं 'व्हॉइस ऑफ द फेथफुल', म्हणजे श्रद्धावंतांचा आवाज. अध्यक्ष झाले जेम्स म्युलर, एक हृदयरोगतज्ज्ञ. अण्वस्त्रांविरुद्धच्या डॉक्टरांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं, तिच्या संस्थापकांपैकी हे एक. ही मंडळी चर्च सोडणारी नव्हती बरं का. आयुष्यभर मिस्साला जाणारी, मुलांना चर्चच्या शाळेत घालणारी, दर वर्षी चेक लिहिणारी माणसं. श्रद्धा जपायची आणि चर्च बदलायचं, असं त्यांचं ब्रीद होतं. २० जुलै २००२ ला त्यांनी बॉस्टनमध्ये अधिवेशन घेतलं तेव्हा चार हजारांहून जास्त लोक आले.

तिथे चर्चा फिरून फिरून पैशावर येत होती. बॉस्टन हे तेच गाव जिथे १७७३ साली लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही त्या वेळची घोषणा. आता कॅथलिक म्हणायला लागले, प्रतिनिधित्व नाही तर देणगी नाही.

आपल्याकडे गणपती मंडळाला एकशे एक रुपये वर्गणी दिली तरी आपण विसर्जनानंतर फळ्यावर जमाखर्च लागलाय का ते बघतो आणि 'इतर खर्च' एवढा कसा म्हणून कुरकुर करतो. बॉस्टनच्या कॅथलिकांना तो फळाच नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर राइट परमिशन सगळ्यांना, रीड परमिशन कुणालाच नाही.

आणि हे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही बसत नव्हतं. १९८३ च्या कॅनन लॉमधलं २२२ वं कलम म्हणतं, चर्चच्या गरजा भागवणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. हे कलम सगळ्यांना ठाऊक असतं. २१२ वं कलम म्हणतं, चर्चच्या भल्याबद्दलचं आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवणं हा त्यांचा हक्कच आहे, कधीकधी तर कर्तव्यही. आणि १२८७ वं म्हणतं, श्रद्धावंतांनी दिलेल्या धनाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा. कसा द्यायचा ते स्थानिक नियमांवर सोडलंय, पण द्यावा. म्हणजे पैसे देण्याचं कर्तव्य, बोलण्याचा हक्क आणि हिशेब, तिन्ही एकाच पुस्तकात. बॉस्टनमध्ये त्यातलं पहिलं तेवढं नीट चालू होतं.

मग या लोकांनी एक मधला मार्ग काढला. 'कार्डिनल्स अपील' म्हणून आर्चबिशपच्या कामांसाठी दर वर्षी मोठी वर्गणी गोळा व्हायची. ज्यांना त्यात पैसे द्यायचे नाहीत पण चर्चच्या गोरगरिबांसाठीच्या कामांचं नुकसानही करायचं नाही, त्यांच्यासाठी संघटनेने वेगळा निधी काढला. पैसे आमच्याकडे द्या, आम्ही ते थेट कॅथलिक धर्मादाय कामांना पोचवू, मधल्या ऑफिसात जाणार नाहीत. पहिल्या काही महिन्यांत ५० हजार डॉलरहून जास्त जमले.

जुलैमध्ये कार्डिनल लॉ यांनी हे पैसे नाकारले! कारण असं दिलं की चर्चच्या कामांसाठी तरतूद करण्याची जबाबदारी आर्चबिशपची आहे आणि या पद्धतीत त्यांच्या भूमिकेची दखलच घेतली जात नाही. मी हे वाचून दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. पैसे कॅथलिकांचे, जाणार कॅथलिक संस्थेच्या मदतकार्याला, अडचण एवढीच की साहेबांच्या टेबलावरून जात नाहीत. शेवटी वर्ष संपता संपता 'कॅथलिक चॅरिटीज' या संस्थेच्या मंडळाने ते घ्यायचं ठरवलं.

कार्डिनल्स अपीलची त्या वर्षीची वसुली जवळजवळ निम्म्यावर आली.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. मलाही झाला. पण अपीलच्या पैशातला काही भाग त्याच कॅथलिक चॅरिटीजला जायचा, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्याला, निर्वासितांच्या मदतीला. ज्याने चेक फाडला त्याला आर्चबिशपला धडा शिकवायचा होता. पण कात्री लागताना आधी कुणाला लागते हे आपण कंपनीत पाहिलेलंच आहे. बजेट कापलं की व्हीपीची केबिन जात नाही, हाउसकीपिंगवाल्या मावशींची नोकरी जाते.

अजून एक भानगड झाली, ती तर मला या सगळ्यातली सर्वांत अवघड वाटते. मार्च २००२ मध्ये महाधर्मप्रांताने गेगनच्या ८६ पीडितांशी १.५ ते ३ कोटी डॉलरची तडजोड केली होती. कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात एक वित्त परिषद लागते आणि मोठ्या खर्चाला तिची संमती लागते. बॉस्टनच्या परिषदेत उद्योग-व्यवसायातली बडी, बहुतेक प्रापंचिक मंडळी होती. मे महिन्यात त्यांनी मान हलवायला चक्क नकार दिला. म्हणाले, एवढे पैसे इथेच दिले तर पुढे येणाऱ्या बाकीच्या पीडितांना द्यायला काय उरेल? तडजोड मोडली. सप्टेंबरमध्ये त्याच ८६ जणांनी १ कोटी डॉलरवर सही केली.

बघा म्हणजे. प्रापंचिकांच्या हातात पैशाचा अधिकार असावा म्हणून एकीकडे लोक रस्त्यावर आले होते आणि ज्या एका ठिकाणी तो अधिकार खरंच होता, तिथे त्याचा फटका पीडितांनाच बसला. परिषदेचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, कारण बाकीचे पीडित पुढे शेकड्यांनी आले. पण तिजोरीची काळजी करणं आणि माणसाची काळजी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिजोरीच्या बाजूला बसलं की फरक दिसेनासा होतो. मग बसणारा झगा घातलेला असो की सूट.

१३ डिसेंबर २००२ ला लॉ यांनी राजीनामा दिला. देणग्या आटल्या म्हणून? तेवढं म्हणणं धाडसाचं होईल. कोर्टाच्या हुकमाने हजारो पानं बाहेर येत होती. त्याच आठवड्यात त्यांच्याच ५८ धर्मगुरूंनी राजीनामा मागणाऱ्या पत्रावर सह्या केल्या होत्या. वित्त परिषदेने दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली तर त्याला मंजुरी देऊन ठेवली होती. पैसा त्यातला एक धागा होता. पण पत्रं, सभा, प्रार्थना यांना कुणी उत्तर देत नव्हतं तेव्हा आटलेल्या वर्गणीची दखल मात्र घ्यावी लागली, एवढं नक्की.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००३ मध्ये, नवे आर्चबिशप शॉन ओमॅली यांनी ५५२ पीडितांशी ८.५ कोटी डॉलरची तडजोड केली. २००४ मध्ये आर्चबिशपचा वाडा आणि आसपासची ४३ एकर जमीन सुमारे १० कोटी डॉलरला शेजारच्या बॉस्टन कॉलेजला विकली. आणि त्याच वर्षी ३५७ पैकी ६५ धर्मग्राम बंद करायची घोषणा झाली. तडजोडीचे पैसे भरायला चर्च विकत नाही, लोक कमी झाले, धर्मगुरू कमी झाले म्हणून बंद करतोय, असं महाधर्मप्रांताचं म्हणणं होतं. ज्यांचं चर्च बंद झालं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलं नाही.

आता ही माणसं कोर्टात गेली. आमच्या आजोबांनी जमीन दिली, आम्ही पिढ्यान्पिढ्या वर्गणी दिली, बाकं आम्ही घेतली, छप्पर आम्ही बदललं. चर्च आमचं नाही तर कुणाचं?

कायद्याने ते त्यांचं नव्हतंच. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १८९७ साली एक कायदा केला, त्यानुसार बॉस्टनचा आर्चबिशप ही स्वतःच एक-माणशी कंपनी आहे. सगळी चर्चं, सगळ्या जमिनी तिच्या नावावर. माणूस बदलला तरी कंपनी तीच. भागधारक नाहीत, सभा नाही, मत नाही. वेल्झलीतल्याच एका बंद झालेल्या चर्चचं प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जमीन देणाऱ्या कुटुंबातली वारस आणि देणगीदार दोघंही २००७ साली हरले. दिलं म्हणजे दिलं.

सिच्युएट नावाच्या समुद्रकाठच्या गावातले लोक आणखी हट्टी निघाले. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचं चर्च बंद झाल्यावर ते आत जाऊन बसले आणि पाळ्या लावून चोवीस तास तिथे राहू लागले. मे २०१६ पर्यंत, अकरा वर्षांहून जास्त! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला तेव्हाच उठले.

हे सगळं वाचल्यावर माझ्या डोक्यातला प्रश्न थोडा बदलला. पैसे देणारा दोषी आहे का, हा प्रश्न मला आता फारसा उपयोगाचा वाटत नाही. दोष ज्यांनी अत्याचार केले आणि ज्यांनी झाकले त्यांचा. तो चार डॉलर देणाऱ्यांत वाटून टाकला तर खऱ्या दोषींचा वाटा कमी होतो. ही सोय त्यांना कशाला द्यायची?

पण दोष नसला म्हणजे जबाबदारी नाही असं होत नाही. माहिती कळली त्या क्षणापासून शिडी कुठे लागते हे विचारणं तुमच्याकडे येतं. आणि कळलं नव्हतं, हे उत्तरही सगळ्यांना लागू होत नाही. १९८२ साली एका बाईने त्या वेळच्या कार्डिनलना पत्र लिहून कळवलं होतं की गेगनने तिच्या नात्यातल्या सात मुलांवर अत्याचार केलेत, तरी तो अजून धर्मगुरू कसा? ती स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. तिने शिडी कुठे लागलीय ते वीस वर्षं आधी ओरडून सांगितलं होतं. ऐकणारे एकटे कार्डिनल नव्हते. गावागावात कुजबुज होती, आणि फादर असं करतील का, म्हणून तिच्याकडे कानाडोळा करणारे शेजारी होते. मला वाटतं देणगीदाराची चूक झाली असेल तर ती टोपलीत नोट टाकण्यात नाही. नोट टाकली की आपलं काम संपलं, असं मानण्यात आहे.

मग कॅथलिकाने करायचं काय? जर्मनीसारखा रोखठोक मार्ग सगळीकडे नाही. तिथे चर्चचा कर इन्कम टॅक्सबरोबर, त्याच्या ८ किंवा ९ टक्के, कापला जातो. नको असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन चर्च सोडल्याचं नोंदवायचं. २०२२ या एका वर्षात ५ लाख २० हजारांहून जास्त कॅथलिकांनी ते केलं. पण तिथल्या बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार असं सोडणाऱ्याला संस्कारही बंद होतात. म्हणजे पैशाबरोबर सगळंच सोडायचं. वेल्झलीच्या तळघरातल्या माणसांना नेमकं हेच नको होतं. त्यांचं म्हणणं, चर्च आर्चबिशपएवढंच आमचंही आहे, आम्ही का जायचं?

आणि त्यांना थोडंफार यश आलं. एप्रिल २००६ मध्ये बॉस्टनच्या महाधर्मप्रांताने आपला सविस्तर जमाखर्च पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. लागला एकदाचा फळा. २०१७ पासून व्हॉइस ऑफ द फेथफुल अमेरिकेतल्या धर्मप्रांतांच्या वेबसाइट तपासून, कुणी हिशेब किती उघड ठेवलाय याचे गुण देऊ लागली. क्रांती वगैरे नाही. पण गुपचूप तडजोडी करायच्या तर आधी गुपचूप पैसा लागतो, आणि तो थोडा कठीण झाला.

असो. परत यायच्या आधी त्या मित्राला मी विचारलं, "पण दुसऱ्या टोपलीतले पैसे गरिबांना जात असतील तर?"

तो म्हणाला, "म्हणून तर ते पैसे मी घरी ठेवत नाही. तेवढेच दर महिन्याला निवाऱ्याच्या ऑफिसात नेऊन देतो आणि पावती घेतो." मग थोडं थांबून म्हणाला, "तू परवा त्या ऑनलाइन फंडरेझरला दोन हजार दिलेस. त्याचं पुढे काय झालं, बघितलंस?"

नव्हतं बघितलं. ते पान मी त्या रात्री उघडलं. शेवटचा अपडेट सात महिन्यांपूर्वीचा होता. खाली कमेंटची जागा रिकामी होती. मी तिथे लिहिलं, जमा झालेल्या पैशाचा हिशेब कृपया टाकावा. अजून उत्तर आलेलं नाही. परवा पुन्हा विचारलंय.